चंद्राला हवा का नाही: हे उदाहरण सोडवायचं कसं

अकरावीच्या वर्गात मी हे उदाहरण घातलं की बहुतेक जण 'चंद्राचं गुरुत्वाकर्षण कमी' असं लिहून मोकळे होतात. तेवढ्यावर थांबू नका. शनीचा उपग्रह टायटन घ्या. त्याचा मुक्तिवेग (गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणारा किमान वेग) सेकंदाला २.६४ किलोमीटर, आपल्या चंद्राचा २.३८. फरक फारसा नाही. तरीही टायटनवर नायट्रोजनची दाट हवा आहे आणि जमिनीलगतचा दाब पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट. मग चंद्राचंच काय बिनसलं?

कागदावर दोन वेग मांडायचे. एक मुक्तिवेग. दुसरा रेणूंचा आरएमएस वेग (सगळ्या रेणूंच्या वेगांच्या वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ): तीन गुणिले आर गुणिले टी, भागिले एम, आणि सगळ्याचं वर्गमूळ. आर म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४. टी म्हणजे तापमान, केल्विनमध्येच. गाडी अडते ती एमपाशी, म्हणजे एका मोलच्या वस्तुमानापाशी. नायट्रोजनचे २८ सगळ्यांना पाठ असतात, पण ते ग्रॅम. सूत्रात ०.०२८ किलोग्रॅम घालायचे.

आधी खोलीतल्या हवेवर हात बसवा. ३०० केल्विनला नायट्रोजनचा वेग येतो सेकंदाला ५१७ मीटर. २८ तसेच घातले तर १६ मीटर येतो, आणि ३०० च्या जागी २७ अंश सेल्सिअस घातले तर १५५. ही दोन्ही उत्तरं चूक आहेत हे पुस्तकामागची उत्तरं न बघताही कळतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आणि तो जातो रेणूंच्या टकरींतूनच. मग रेणू त्याच्याहून हळू कसे असतील? मला ही पडताळणी फार आवडते, प्रत्येक वेळी करा.

आता चंद्र. भर दुपारी तिथली जमीन ४०० केल्विनच्या आसपास तापते. नायट्रोजनचा वेग ५९७ मीटर, म्हणजे मुक्तिवेग त्याच्या जेमतेम ४ पट. टायटनवर तापमान ९४ केल्विन, वेग २८९, गुणोत्तर ९. ढोबळ नियम असा की मुक्तिवेग निदान ६ पट असेल तर वायू अब्जावधी वर्षं टिकतो. दुप्पट का पुरत नाही? कारण आरएमएस हा सगळ्यांचा मिळून काढलेला आकडा. मोजके रेणू त्याच्या कितीतरी पुढे असतात, ते निसटतात. उरलेल्यांच्या टकरींतून पुन्हा नवे वेगवान रेणू तयार होतात आणि गळती चालूच राहते. (सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतानेही हवा जाते, ते या गणितात धरलेलं नाही.)

पृथ्वीसाठी टी जमिनीवरचा घेऊ नका. रेणू निसटतात ते वातावरणाच्या अगदी बाहेरच्या थरातून, आणि तिथे सुमारे १००० केल्विन असतं. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर, म्हणून हेलियमचं गुणोत्तर ४.५ येतं, म्हणजे तो टिकायला नको. तरी हवेत किंचित हेलियम आहे, कारण खडकांतलं युरेनियम आणि थोरियम अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन) सोडत असतात, आणि दोन इलेक्ट्रॉन मिळाले की अल्फा कणाचा हेलियम होतो. युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होताना वस्तुमानांक ३२ ने घटतो, म्हणून ८ अल्फा. त्यामुळे अणुअंक ९२ वरून ७६ व्हायला हवा, पण शिशाचा ८२ आहे. वरचे ६ बीटा कणांमुळे: असा एक कण (इलेक्ट्रॉन) बाहेर पडला की अणुअंक १ ने वाढतो.

हायड्रोजनचं तुम्ही करा: एम ०.००२, टी १०००. गुणोत्तर ३.२ च्या जवळ आलं पाहिजे.