क्लायंटला कागदपत्रं पाठवताय? या चुका टाळा

अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात एडिटिंग, साउंड, सबटायटल अशी सुटी कामं करणाऱ्या नव्या पोरांना पहिलं काम मिळालं की कोऑर्डिनेटरचा मेसेज ठरलेला: 'डॉक्युमेंट्स पाठवा.' की लगेच आधार, पॅन, कॅन्सल चेक, वर पासपोर्टसुद्धा, सगळं एका दमात व्हॉट्सअ‍ॅपवर. काही महाभाग तर प्रोजेक्टच्या ग्रुपवरच टाकतात. कशाला हवंय, असं कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर काम जाईल ही धास्ती. एवढ्या प्रश्नावरून जे काम जातं, त्याचे पैसेही बुडालेच असते.

पेमेंटसाठी पॅन लागतो, हे खरं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, तुमच्या नावावर जमा व्हायचा तर पॅन हवाच. नाही दिला तर साधारण 20 टक्के कापून घेतात. खात्यासाठी कॅन्सल चेक द्या, त्यावर सही करायची गरज नाही. आधारचं या व्यवहारात काही काम नसतं. 'फॉर्ममध्ये रकाना आहे' हे अकाउंट्सवाल्यांचं उत्तर असतं, कारण नव्हे. फारच अडून बसले तर मास्क्ड आधार द्या. आधारच्या सरकारी 'माय आधार' पोर्टलवरून उतरवता येतं. पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. मी 'पॅन आणि चेक जोडला आहे, आधार कशासाठी लागेल ते कळवावे' एवढंच ईमेलवर लिहितो. बहुतेक वेळा पुढे कोणी विचारतच नाही.

माझी खरी चीड आहे ती कोऱ्या झेरॉक्सवर. खाली सही ठोकलेली, पण कोणासाठी, कशासाठी, कधी, काही नाही. अशी प्रत ज्याच्या हाती पडेल त्याच्या कामाची.

माझ्या ओळखीचा एक साउंडवाला आहे, राहतो डोंबिवलीला. रिटर्न भरायच्या वेळी त्याच्या सीएने एआयएस उघडलं (आपल्या पॅनवर झालेल्या व्यवहारांचं आयकर खात्याकडचं वार्षिक विवरण), तर त्यात एका कंपनीने त्याला पैसे दिल्याची नोंद, वर टीडीएसही कापलेला. कंपनीचं नाव याने कधी ऐकलेलं नाही, खात्यात दमडी आलेली नाही. खोटा खर्च दाखवायला खऱ्या माणसाचा खरा पॅन लागतो, तो असा वापरला जातो. त्यात एका शहाण्याने सल्ला दिला, 'टीडीएस तुझ्याच नावावर आहे ना, मग रिफंड घेऊन टाक.' घेतला असता तर ते उत्पन्नही आपलंच, असं लेखी कबूल केल्यासारखं झालं असतं. सीएने एआयएसमध्येच 'ही माहिती मान्य नाही' असा अभिप्राय नोंदवला आणि कंपनीला टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करायला पत्र पाठवलं. पुढे पत्रं, फोन, नोटिशीला उत्तर, सीएची फी. पण पॅन फुटला कुठून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कसं कळणार? फोनमध्ये 'डॉक्स फायनल' नावाची एकच पीडीएफ, आणि तीच सगळ्या क्लायंटांना गेलेली.

म्हणून प्रत्येक क्लायंटची प्रत वेगळी. झेरॉक्स काढायची, पेनाने आडवं लिहायचं: 'फक्त अमुक कंपनीच्या व्हेंडर नोंदणीसाठी', तारीख, सही. अक्षरं फोटोच्या कडेवरून आणि नावावरून गेली पाहिजेत, नंबर मात्र वाचता यायला हवा. मग स्कॅन. कोपऱ्यात लिहाल तर कोणीही कापून टाकेल. नुसत्या नंबरावरही घोळ घालता येतो, तो याने थांबत नाही. पण उद्या ती प्रत भलतीकडे निघाली, तर कोणाच्या टेबलावरून गेली ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. 'एवढा वेळ कुठे असतो' म्हणणारी पोरं एका रीलच्या थंबनेलवर अख्खी संध्याकाळ घालवतात.

दुसरी गंमत पासवर्डची. ई-आधारची, म्हणजे पोर्टलवरून उतरवलेल्या आधारची, पीडीएफ पाठवून पोरं निर्धास्त, 'पासवर्ड आहे ना.' तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. सोबत पाठवलेल्या पॅनवर नाव आणि जन्मतारीख दोन्ही छापलेली. कुलपाला चावी बांधूनच दिलीत की! प्रिंट काढा, वर लिहा, ती स्कॅन करा, आणि त्या फाइलला आपला वेगळा पासवर्ड लावून तो फोनवर सांगा.

बाकीच्या चुका झटपट. वर्क ऑर्डर किंवा निदान कामाचा ईमेल हातात नसताना 'पॅनेलवर घेतो' म्हणणाऱ्याला काही देऊ नका. आधारचा ओटीपी कोणत्याही क्लायंटला लागत नाही. फोनमधल्या काळ्या हायलायटरने नंबर झाकू नका, ब्राइटनेस वाढवला की बऱ्याचदा खालचं दिसतं. अमेरिकन क्लायंटने डब्ल्यू-8बेन मागितला तर घाबरू नका, तो कराचा साधा फॉर्म आहे. त्यासोबत पासपोर्ट आपणहून जोडायची हौस नको. आणि स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलंत तर लॉगआउट करा, डाउनलोड फोल्डरमधली फाइल त्याच्यासमोर उडवा. तो कंटाळून बघेल, बघू दे.

आधीच सगळीकडे वाटून बसला असाल तर 'माय आधार'वर बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा आणि आधार कुठे-कुठे पडताळलं गेलं त्याची यादी तिथेच बघा. आपल्या नावावरच्या कर्जांचा क्रेडिट रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात न घेतलेलं कर्ज दिसतंय का पाहा. एआयएस रिटर्न भरायच्या वेळेपर्यंत थांबून उघडू नका, अधूनमधून बघत जा. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकीचं.