सी नाइट आणि ऑस्प्रेची तुलना नीट कशी करायची

अमेरिकन मरीन्सचं जुनं हेलिकॉप्टर सीएच-४६ सी नाइट आणि त्याच्या जागी आलेलं एमव्ही-२२ ऑस्प्रे (हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठतं, मग रोटर म्हणजे वरचे मोठे पंखे पुढे वाकवून विमानासारखं उडतं), यांची तुलना करायची म्हटलं की बहुतेक जण डायरेक्ट वेग बघतात, एकाचा ताशी २६५ किमी, दुसऱ्याचा साधारण ४५०, झाली तुलना. असं करू नका. सी नाइट १९६४ पासून २०१५ पर्यंत सर्व्हिसमध्ये होतं, व्हिएतनामपासून इराकपर्यंत सगळीकडे, म्हणजे काहीतरी तर ते बरोबर करत होतं ना.

आधी एक मिशन ठरवा. समजा जहाज किनाऱ्यापासून ३०० किमी दूर आहे, तर सी नाइटला पूर्ण वेगात पण तासाच्या वर लागणार, ऑस्प्रे ४० मिनिटांत पोचतं, शिवाय ऑस्प्रेला हवेतच इंधन भरता येतं. मार्च २०११ मध्ये लिबियात अमेरिकेचं एफ-१५ई लढाऊ विमान पडलं तेव्हा पायलटला यूएसएस किअरसार्ज या युद्धनौकेवरून गेलेल्या ऑस्प्रेनेच उचलून आणलं, लांबून पटकन जाऊन यायचं काम हे असं. पण जहाज किनाऱ्याजवळच असेल आणि नुसत्या फेऱ्या मारायच्या असतील तर निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो आणि वेगाचा फायदा बराचसा विरघळतो. सीट्सचं म्हणाल तर दोन्हीकडे कागदावर २४-२५, प्रत्यक्षात आजच्या सैनिकाच्या अंगावर इतकं सामान असतं की तेवढे बसत नाहीत, तो आकडा सोडून द्या.

आता खरी गंमत, आणि हे गणित स्वतः करून बघाच. जास्तीत जास्त वजनाला दोन्ही रोटर्सच्या एकूण क्षेत्रफळाने भागायचं, म्हणजे रोटरच्या दर चौरस मीटरवर किती भार येतो ते कळतं. सी नाइट ११,००० किलो, रोटरचा व्यास १५.२ मीटर, दोन मिळून ३६५ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ३० किलो (रोटर थोडे एकमेकांवर येतात, म्हणून खरा आकडा जरा जास्त). ऑस्प्रे सरळ वर उठताना २३,८५० किलो, व्यास ११.६ मीटर, क्षेत्रफळ फक्त २११, म्हणजे ११३ किलो! जवळपास पावणेचार पट. वेगासाठी रोटर लहान ठेवलेत, कारण पुढे वाकले की त्यांना प्रोपेलरचं काम करायचं असतं, आणि त्याची किंमत हॉवर करताना, म्हणजे हवेत एकाच जागी थांबताना, चुकवावी लागते: खाली वाऱ्याचा भयंकर झोत, धुळीत पायलटला जमीन दिसत नाही, दोरीवरून उतरणाऱ्याचे हाल. इंजिनं दोन्ही बंद पडली तर साधं हेलिकॉप्टर पंखे फिरते ठेवून उतरू शकतं, ऑस्प्रेला ते नीट जमत नाही. एकच बंद पडलं तर मात्र पंखातून जाणाऱ्या शाफ्टमुळे दुसरं इंजिन दोन्ही रोटर फिरवतं, हेही लक्षात घ्या.

अपघातांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनात मराना इथे ऑस्प्रे खूप जोरात खाली येत असताना एका रोटरची उचल गेली, विमान उलटलं आणि १९ मरीन्स गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ अमेरिकन हवाई दलाचं ऑस्प्रे (सीव्ही-२२) पडलं, आठ जण गेले, गिअरबॉक्समध्ये बिघाड होता, त्यानंतर सगळ्या ऑस्प्रेंची उड्डाणं काही महिने बंद होती. ही माणसं परत येणार नाहीत, म्हणून आकडे हलगर्जीपणाने वापरू नका. पण सी नाइटही सुरुवातीला सुरक्षित नव्हतंच, १९६७ मध्ये मागचा भाग तुटून अपघात झाले, तेव्हा उड्डाणं थांबवून ती मजबूत करावी लागली. म्हणून म्हातारपणीच्या सी नाइटशी तरुण ऑस्प्रेची तुलना नको, सुरुवातीची वर्षं सुरुवातीच्या वर्षांशी, आणि तीही उड्डाणाच्या तासांमागे.

खर्चाला पण तेच. २००९ च्या सरकारी ऑडिट रिपोर्टनुसार ऑस्प्रेचा तासाचा खर्च ११,००० डॉलरच्या वर, सी नाइटच्या दुपटीहून जास्त. तासाला भागून थांबू नका, किलोमीटरला भागा, कारण ऑस्प्रे त्याच तासात १.७ पट अंतर कापतं. तरी महागच पडतं, पण फरक बराच कमी होतो. मग परत तुमच्या मिशनकडे या, हॉवर किती वेळ लागणार आणि लांब जायचंय किती, एवढं लिहून काढलं की तुलनेच्या तक्त्यात दोन्ही रकान्यांत काय भरायचं ते आपोआप कळतं.