खाडीच्या नमुन्यात तुमचाच चहा: या चुका टाळा

सांडपाण्याचा माग काढायला कॅफिन सोपं पडतं, हे खरंच. चहा-कॉफी माणूस पितो, बोईट-निवटी पीत नाहीत. पण बाटली भरणाराही माणूसच असतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पोरांनी ठाणे खाडीतून, ऐरोलीपासून वाशी पुलापर्यंत सहा ठिकाणचं पाणी आणलं. सगळ्यात जास्त कॅफिन निघालं वाशी पुलाखाली, तेही ऐन भरतीला, समुद्राचं पाणी आत येताना! पोरं खूश, "सर, नवीन नाला सापडला." मी विचारलं, फील्ड ब्लँक, म्हणजे सोबत नेलेली शुद्ध पाण्याची बाटली, कुठाय? होता, पण मशीनवर चढवलाच नव्हता, "वेळ वाचवला." चढवला तर त्यातही कॅफिन. मग होडीतले फोटो पाहिले. एका हातात कटिंग, त्याच हाताच्या दोन बोटांत बाटलीचं झाकण, आतली बाजू वर.

हिशेब करा. कडक चहाच्या थेंबात ५ मायक्रोग्रॅम कॅफिन धरलं तरी लिटरच्या बाटलीत ५,००० नॅनोग्रॅम झालं. आपण शोधतो ते बऱ्याचदा काही दहा-शंभर नॅनोग्रॅम. मी चहा बंद केला नाही. होडीचा तांडेल ऐकणार नाही आणि मीही. चहा धक्क्यावरच संपवायचा, हात धुवायचे, मग हातमोजे. आणि शुद्ध पाण्याची एक बाटली प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ उघडी ठेवायची. ब्लँक नसेल तर मी आकडे बघतच नाही.

भरती-ओहोटीची वेळ न लिहिता दोन ठिकाणांची तुलना करू नका. उधाणाला इथे चार मीटरहून जास्त पाणी चढतं. सकाळचं ऐरोली आणि दुपारची वाशी ही तुलनाच नव्हे.

गाळात अल्केन (कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या) दिसले की लगेच "तेल, तेल" करणारे दर वर्षी भेटतात. अहो, दोन्ही काठांना कांदळवन आहे! पानांवरच्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम कार्बनच्या साखळ्या जास्त असतात. खनिज तेलात सम-विषम साधारण सारखेच. आधी विषम-समचं गुणोत्तर काढा, होपेन (खनिज तेलाची ओळख पटवणारी संयुगं) बघा, मग कारखान्यांकडे बोट दाखवा.

कोप्रोस्टॅनॉल (विष्ठेतलं, मैल्याची खूण असलेलं स्टेरॉल) गाळलेल्या पाण्यात शोधू नका, ते कणांना चिकटून गाळात बसतं. तिथेही नुसता आकडा नको. कोलेस्टॅनॉल (त्याचंच निसर्गात बनणारं भावंड) मोजा आणि दोघांच्या बेरजेत कोप्रोस्टॅनॉलचा वाटा काढा, ०.७ च्या वर गेला की मैला म्हणायला हरकत नाही.

पाणी गाळायचे काचेचे फिल्टर ४५० अंशांवर चार तास भाजा, म्हणजे त्यांवरची सेंद्रिय घाण जळून जाते. "दोन तास पुरतात" म्हणणाऱ्याला स्वतःचे फिल्टर स्वतःच विकत आणायला लावतो.

मास स्पेक्ट्रोमीटरवर १४९ वस्तुमानाचं पीक दिसलं तर आधी प्लास्टिकचं झाकण आठवा, थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) बऱ्याचदा तिथूनच येतं.

आणि सरोगेट (ठरावीक प्रमाणात मुद्दाम मिसळायचं ओळखीचं रसायन) एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे नमुन्यातून संयुगं वेगळी काढण्याच्या, आधी घाला. नंतर घातलात तर वाटेत किती हरवलं ते कळत नाही, आणि हरवतं तर दर वेळी.