स्टुडंट रेडिओची साइट मोबाइलवर वाजत नाहीये? या चुका टाळा

स्टुडंट रेडिओची साइट ऐकणारी पोरं सगळी फोनवर, आणि बनवणारे मात्र लॅपटॉपवर ब्राउझरची विंडो बारीक करून बघतात आणि "झालं की रिस्पॉन्सिव्ह" म्हणून मोकळे होतात. मग दर वर्षी नवीन टीम येते आणि त्याच चुका परत करते. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यात डोकं खाणारी चूक म्हणजे साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित, एन्क्रिप्टेड कनेक्शन) आणि स्ट्रीम अजून साध्या एचटीटीपीवर. आइसकास्ट (रेडिओचा आवाज इंटरनेटवर सोडणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकलं की ते 8000 पोर्टवर सुरू होतं, तीच लिंक उचलायची आणि प्लेअरमध्ये चिकटवायची, संपलं काम. एका स्टेशनच्या लाँचच्या दिवशी हेच झालं. साइट बनवणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर एकदम मस्त वाजत होतं, कारण टेस्टिंगच्या वेळी त्याने क्रोमच्या सेटिंगमध्ये त्या साइटला असुरक्षित कंटेंटची परवानगी दिली होती आणि विसरून गेला होता. बाकी सगळ्यांच्या फोनवर बटण दाबलं तरी ढिम्म, एररसुद्धा नाही. मग ग्रुपवर सुरू, कॅशे क्लिअर करा, फोन रिस्टार्ट करा, दुसरा ब्राउझर टाका, आणि एकाने तर त्या गडबडीत अख्खी थीमच बदलून टाकली. ब्राउझरचा कन्सोल (जिथे पानाच्या एरर दिसतात) उघडून बघायचं कुणाला सुचलंच नाही, तिथे सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. क्रोम 2020 पासून सुरक्षित पानावरचा ऑडिओ स्वतःच एचटीटीपीएसवर मागायला जातो आणि तिथे मिळाला नाही की ब्लॉक करतो. 8000 वर एचटीटीपीएस नव्हतंच, मग वाजणार कुठून? त्यावर एक महाशय म्हणाले, मग साइटचंच एचटीटीपीएस काढून टाकूया ना. मी हात जोडले.

मी सरळ पुढे एनजिनेक्स (मध्ये बसून मागणी पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) बसवतो, 443 वरून, म्हणजे एचटीटीपीएसच्या नेहमीच्या पोर्टवरून, स्ट्रीमला स्वच्छ पत्ता देतो आणि आतून तो आइसकास्टला जोडतो. एनजिनेक्सचं प्रॉक्सी बफरिंग (आवाज मध्येच साठवून ठेवणं) बंद ठेवायचं. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण ते काही महिन्यांतच संपतं, म्हणून रिन्यूअल ऑटोमॅटिक लावा आणि रिन्यू झाल्यावर एनजिनेक्स रीलोड होतंय का तेही बघा, नाहीतर नवीन सर्टिफिकेट डिस्कवर पडून राहतं आणि लोकांना जुनंच जातं. आणखी एक फायदा म्हणजे बऱ्याच कॅम्पस वायफायवर 8000 पोर्ट बंद असतो, तिथेही मग स्ट्रीम चालतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट, लाइव्ह स्ट्रीमला पॉज बटण. अरे लाइव्ह आहे ते! ऑडिओ टॅगला (पानावर आवाज वाजवणारा एचटीएमएलचा भाग) नुसतं पॉज केलं की बफरमध्ये राहिलेला तुकडा तसाच असतो, परत प्ले केलं की शिळा आवाज सुरू होतो, मग कधी अडकतो, कधी तसाच मागे मागे चालत राहतो. आरजे म्हणतो "आत्ता मेसेज करा" आणि मेसेज येतात पुढचा शो सुरू झाल्यावर. थांबवताना टॅगचा सोर्स (स्ट्रीमची लिंक) काढून टाकायचा, लोड कॉल करायचं, आणि प्ले दाबलं की सोर्स नव्याने द्यायचा. बटणावर चिन्हही स्टॉपचं ठेवा. ऐकणाऱ्याचा डेटासुद्धा वाचतो.

डेटावरून आठवलं, 320 केबीपीएसचा हट्ट सोडा. तासाला 144 एमबी जातात. 64 केबीपीएसचं एएसी प्लस (कमी डेटात चालणारा ऑडिओ फॉरमॅट) तासाला साधारण 29 एमबी खातं आणि फोनच्या स्पीकरवर गप्पांच्या शोसाठी पुरेसं आहे. दोन्ही ठेवा, डीफॉल्ट लहान ठेवा. ऑडिओ टॅगचं प्रीलोड (प्ले दाबायच्या आधीच आवाज आणून ठेवणं) 'नन' करा, नाहीतर नुसतं टाइमटेबल बघायला आलेल्याचाही डेटा स्ट्रीमवर जाऊ शकतो आणि तुम्ही लिसनर वाढले म्हणून खुश.

ऑटोप्लेच्या मागे लागू नका, आवाजासकट ब्राउझर तो अडवतोच, त्यावरचे जुगाड पुढच्या अपडेटला मरतात. आयफोनवर व्हॉल्यूम स्लायडर जावास्क्रिप्टने हलत नाही, काढून टाका. झूम बंद करू नका. टाइमटेबलचं पोस्टर इमेज म्हणून टाकू नका, साधा टेक्स्ट लिहा, दिवसाप्रमाणे. खाली चिकटवलेला प्लेअर आयफोनच्या तळाच्या पट्टीखाली जातो, सेफ एरियाची पॅडिंग (त्या पट्टीपुरती मोकळी जागा) द्या. पान बदललं की आवाज बंद पडत असेल तर प्लेअर बाहेर ठेवून फक्त आतला मजकूर बदला, पॉपअप प्लेअर फोनवर नुसता आणखी एक टॅब उघडतो.

आणि ते आवाजाबरोबर पट्ट्या नाचवणारे व्हिज्युअलायझर! नवख्यांना पहिल्याच दिवशी तेच हवं असतं. स्ट्रीम दुसऱ्या डोमेनवर असेल आणि कॉर्स हेडर (दुसऱ्या साइटला वापराची परवानगी देणारी सर्व्हरची ओळ) नसेल तर वेब ऑडिओमधून (ब्राउझरची आवाज हाताळायची सोय, व्हिज्युअलायझर तीच वापरतात) चक्क शांतता बाहेर येते, प्लेअर चालू दिसतो आणि आवाज शून्य. वर आयफोन लॉक केला की ऐकणं बंद पडण्याची शक्यता वेगळीच. स्क्रीन खिशात असताना पट्ट्या बघणार कोण? त्यापेक्षा ब्राउझरची मीडिया सेशन ही सोय वापरून लॉक स्क्रीनवर शोचं नाव आणा.

डोमेन पास होऊन जाणाऱ्या मुलाच्या पर्सनल ईमेलवर घेऊ नका, स्टेशनचा कॉमन ईमेल बनवा.

टेस्ट करताना एखादा जुना स्वस्त फोन घ्या, प्ले करा, स्क्रीन लॉक करा, मधेच वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा आणि स्ट्रीम स्वतःहून परत जोडली जाते का बघा. नाही जोडली तर एरर आल्यावर थोडं थांबून सोर्स पुन्हा देणारा कोड आधी लिहा, लोगोचा रंग नंतर ठरवा.