१९०० च्या आसपासची अमेरिका : वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेच्या इतिहासातील १८९० ते १९१४ हा काळ स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत जेमतेम दोन पानांत उरकला जातो आणि नेमक्या त्याच दोन पानांत चुकांची दाटी असते. यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. करारावर सही झाली की युद्ध संपले, कायदा संमत झाला की तो लागू झाला, सत्ताबदल झाला की धोरण बदलले, असे वाचणारा आपोआप धरून चालतो. या काळात मात्र सही आणि अंमल यांच्यात कधी दोन दिवसांचे, तर कधी वीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर नजरेआड झाले की तारखा पाठ असूनही इतिहास चुकतो.

१८९८ चे युद्ध एका स्फोटावर बसवू नका

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि तिच्यावरील अडीचशेहून अधिक माणसे दगावली. ‘स्पेनने मेन बुडवली, म्हणून अमेरिकेने युद्ध पुकारले’ हे वाक्य अजूनही सर्रास छापले जाते. स्पेनने ती बुडवल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही. त्या वर्षीच्या नौदलाच्या चौकशीत बाहेरील सुरुंगाचा निष्कर्ष निघाला, तरी सुरुंग कोणी लावला याची जबाबदारी कोणावरही टाकली गेली नाही. पुढे १९७६ मध्ये अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासगटाने नौकेच्या आतच, कोळशाच्या कोठारातील आगीमुळे शेजारचा दारूगोळा पेटला असावा, असे मत मांडले. त्यामुळे ‘स्फोटाचे कारण वादग्रस्त असून तत्कालीन अमेरिकी जनमताने दोष स्पेनला दिला’ असे लिहिणे सुरक्षित आणि खरेही आहे. शिवाय क्यूबातील लोक फेब्रुवारी १८९५ पासूनच स्पेनविरुद्ध लढत होते आणि ग्रामीण जनतेला छावण्यांत कोंडण्याच्या स्पॅनिश धोरणामुळे तेथे भूक आणि रोगराई यांनी माणसे मरत होती. हा तीन वर्षांचा भाग गाळला, तर युद्ध आकाशातून पडल्यासारखे दिसते.

याच संदर्भात वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांनी चित्रकार रेमिंग्टन यांना ‘तुम्ही चित्रे पुरवा, युद्ध मी पुरवतो’ अशा आशयाची तार केल्याची गोष्ट हमखास येते. ती तार आजवर कोणी पाहिलेली नाही. गोष्टीचा उगम जेम्स क्रीलमन या पत्रकाराच्या १९०१ मधील आठवणींत आहे आणि हर्स्ट यांनी ती नाकारली होती. रेमिंग्टन क्यूबाला गेले तेव्हा तेथे युद्ध पेटलेलेच होते, तेव्हा ते वेगळे ‘पुरवण्याची’ गरज काय होती, हा साधा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. पीत पत्रकारितेने वातावरण तापवले हे खरे, परंतु अध्यक्ष मॅकिन्ली आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांचा निर्णय वर्तमानपत्रांच्या खात्यावर टाकणे अतिशयोक्त ठरते.

युद्धाच्या घोषणेची तारीख काही ठिकाणी २१ एप्रिल, तर काही ठिकाणी २५ एप्रिल अशी आढळते. गोंधळून जाऊन एक तारीख खोडण्याचे कारण नाही. काँग्रेसने ठराव केला २५ एप्रिलला, परंतु युद्धस्थिती २१ एप्रिलपासून अस्तित्वात असल्याचे त्यातच नमूद केले. या काळातील कागदपत्रांत तारखा जुळेनाशा झाल्या की आधी हेच तपासावे, कारण एक तारीख कृतीची आणि दुसरी तिला मिळालेल्या मान्यतेची असण्याची शक्यता दाट असते.

आता मिळालेल्या प्रदेशांकडे वळू. ‘या युद्धात अमेरिकेने क्यूबा, पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स आणि हवाई जिंकले’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. क्यूबा ताब्यात ठेवणार नाही, असे अमेरिकेने युद्धापूर्वीच टेलर दुरुस्तीने जाहीर केले होते. क्यूबावर अमेरिकेचा लष्करी अंमल राहिला आणि २० मे १९०२ रोजी तो देश स्वतंत्र झाला. मात्र १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने अमेरिकेने तेथे हस्तक्षेपाचा हक्क राखून ठेवला आणि ग्वांतानामोचा तळ त्याच व्यवस्थेतून आला. म्हणजे क्यूबा विलीन झाला नाही आणि पुरता मोकळाही सुटला नाही. हवाईचा तर स्पेनशी संबंधच नव्हता. तेथील राणी लिलिउओकलानी यांना जानेवारी १८९३ मध्ये अमेरिकी मळेवाल्यांच्या पाठिंब्याने पदच्युत करण्यात आले होते. सिनेटमध्ये करारासाठी दोन तृतीयांश मते जमत नसल्याने अखेर जुलै १८९८ मध्ये संयुक्त ठरावाची वाट काढून ती बेटे जोडून घेण्यात आली. युद्धाने घाई वाढवली, एवढाच काय तो दुवा.

सर्वांत गंभीर चूक मात्र फिलिपिन्सबाबत होते. तेथील घटनाक्रम जरा जवळून पाहण्यासारखा आहे. फिलिपिनो नेते एमिलिओ अगिनाल्डो यांनी १२ जून १८९८ रोजी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि फिलिपिनो सैन्याने मनिलाला वेढा दिला होता. १२ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्या झाल्या. परंतु अमेरिकी नौदलाचे तेथील सेनापती ड्युई यांनी मनिलाची तारवाहिनी मे महिन्यातच तोडलेली असल्यामुळे ती बातमी तेथे पोहोचली नाही. दुसऱ्या दिवशी, १३ ऑगस्टला, स्पॅनिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी आपसांत ठरवून एक लुटुपुटीची लढाई केली आणि शहर अमेरिकेच्या हाती गेले. वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला शहरात येऊ द्यायचे नाही, हे त्या ठरावाचे मर्म होते. १० डिसेंबरच्या पॅरिस करारानुसार अमेरिकेने फिलिपिन्सपोटी स्पेनला २ कोटी डॉलर मोजले. या वाटाघाटींत फिलिपिनो प्रतिनिधींना बसूही दिले नव्हते. सिनेटने करार मंजूर केला ६ फेब्रुवारी १८९९ रोजी, ५७ विरुद्ध २७ मतांनी, आणि त्याच्या दोनच दिवस आधी मनिलाजवळ अमेरिकी व फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता.

त्यानंतरचे युद्ध अधिकृतपणे ४ जुलै १९०२ पर्यंत चालले. त्यात चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक, सुमारे वीस हजार फिलिपिनो लढवय्ये आणि लढाई, उपासमार व पटकी मिळून दोन लाखांपर्यंत नागरिक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज दिला जातो. दक्षिणेकडील मोरो (मुस्लिम) प्रदेशात लढाया त्यानंतरही सुरूच राहिल्या. तेव्हा ‘१८९८ चे छोटेसे युद्ध’ म्हणून हा विषय डिसेंबर १८९८ ला बंद करू नये. अमेरिकेतही याला जोरदार विरोध झाला होता. १८९६ च्या जानेवारीत व्याख्यानदौऱ्यावर मुंबईत येऊन गेलेले मार्क ट्वेन पुढे साम्राज्यविरोधी संघाचे उपाध्यक्ष झाले. अमेरिका एकमुखाने साम्राज्यवादी झाली, हे विधानही त्यामुळे टिकत नाही.

पनामाचेही असेच. ‘अमेरिकेने पनामाकडून जागा विकत घेऊन कालवा खणला’ हे अपुरे आहे. ती भूमी कोलंबियाची होती. कोलंबियाच्या सिनेटने १९०३ मध्ये कालव्याचा करार फेटाळला, ३ नोव्हेंबरला अमेरिकी युद्धनौकांच्या छायेत पनामात बंड झाले, तीन दिवसांत अमेरिकेने नव्या देशाला मान्यता दिली आणि १८ नोव्हेंबरला करार झाला. त्यावर पनामाच्या वतीने सही केली ती बुनो-व्हारिया या फ्रेंच गृहस्थाने. कालवा खुला झाला १५ ऑगस्ट १९१४ रोजी.

अध्यक्षांची सरमिसळ

थिओडोर रूझवेल्ट (१९०१ ते १९०९, रिपब्लिकन) आणि फ्रँकलिन रूझवेल्ट (१९३३ ते १९४५, डेमोक्रॅट) यांचे बापलेक करून टाकणारी टिपणे आजही फिरत असतात. ते दूरचे चुलतभाऊ होते, आणि फ्रँकलिन यांच्या पत्नी एलिनॉर या थिओडोर यांच्या सख्ख्या पुतणी. थिओडोर १९०० ची निवडणूक अध्यक्षपदासाठी लढले नव्हते, ते उपाध्यक्ष म्हणून निवडून आले होते. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोच्या प्रदर्शनात मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १४ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले, म्हणून रूझवेल्ट अध्यक्ष झाले. गोळ्या झाडणारा लिऑन चोल्गोश हा ‘परदेशी अराजकवादी’ होता, असेही लिहिले जाते. तो अराजकवादी होता खरा, पण जन्माने अमेरिकीच होता. त्याचे आईवडील तेवढे स्थलांतरित.

त्या काळी नवा अध्यक्ष नोव्हेंबरात निवडून येई आणि शपथ पुढच्या वर्षी ४ मार्चला घेई. त्यामुळे १८९६ च्या निवडणुकीतील विजेत्याच्या नावावर १८९६ मधील घटना टाकू नयेत, कारण त्या वर्षभर ग्रोव्हर क्लीव्हलंडच अध्यक्ष होते.

रूझवेल्ट यांना १९०६ चे शांततेचे नोबेल मिळाले ते रशिया–जपान युद्ध मिटवल्याबद्दल. तो तह ५ सप्टेंबर १९०५ रोजी ज्या पोर्ट्समथ येथे झाला ते इंग्लंडमधील बंदर नव्हे, अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातील आहे.

कायद्याच्या नावावरून त्याचा वापर ठरवू नका

१८९० चा शर्मन कायदा मक्तेदाऱ्या मोडण्यासाठी होता, म्हणून १८९० पासून मक्तेदाऱ्या मोडू लागल्या, हा निष्कर्ष सोपा आणि चुकीचा आहे. पहिल्या दशकात या कायद्याचा मार बड्या कंपन्यांपेक्षा कामगारांनाच अधिक बसला. १८९४ च्या पुलमन या रेल्वे संपात कामगार नेते युजीन डेब्स यांच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवताना सरकारने याच कायद्याचा आधार घेतला. उलट १८९५ मध्ये साखर शुद्धीकरणाचा जवळजवळ सगळा धंदा मुठीत असलेल्या कंपनीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. उत्पादन म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असे कारण देण्यात आले. नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीचा निकाल सरकारच्या बाजूने लागला तो १९०४ मध्ये, तोही ५ विरुद्ध ४ मतांनी. स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करण्याचा आदेश आला १९११ मध्ये. त्या वेळी अध्यक्ष होते टॅफ्ट, ज्यांच्या चार वर्षांत असे खटले रूझवेल्ट यांच्या साडेसात वर्षांपेक्षा जास्त दाखल झाले. ‘ट्रस्ट मोडणारा’ ही पदवी मात्र रूझवेल्ट यांच्याकडेच राहिली. (हा शर्मन म्हणजे सिनेटर जॉन शर्मन. यादवी युद्धातील सेनापती त्यांचा भाऊ.)

हाच प्रकार नागरी हक्कांच्या बाबतीत उलट्या दिशेने दिसतो. समान नागरिकत्व आणि मताधिकार देणाऱ्या चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्त्या १८६८ आणि १८७० मध्ये झाल्या, म्हणून १९०० मध्ये कृष्णवर्णीय मतदान करत होते असे समजू नये. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतकर आणि साक्षरता चाचणी घालून ते मतदान जवळपास संपवले आणि दक्षिणेतील इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर वर्णभेदी विभागणी वैध ठरवणारा प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन (१८९६, ७ विरुद्ध १) हा निकाल शाळांबाबत होता, हा समज शाळांतील विभागणी रद्द करणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्याशी झालेल्या गल्लतीतून येतो. खटला रेल्वेच्या डब्यांचा होता. होमर प्लेसी ७ जून १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसले ते चुकून नव्हे. कायद्याला आव्हान देण्यासाठी एका नागरिक समितीने ही अटक आधीच योजली होती.

स्थलांतर, आणि आपले लोक

स्थलांतरितांची तपासणी होई त्या न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कारकुनांनी लोकांची आडनावे बदलली, ही कथा अमेरिकेतही घरोघरी सांगतात. तेथील कारकून जहाजावरून आलेल्या याद्यांशी नावे पडताळून पाहत. नवी नावे लिहून घेण्याचे कामच त्यांच्याकडे नव्हते. आडनावे बदलली ती बहुधा स्थलांतरितांनी स्वतः, पुढे केव्हातरी. तसेच ‘तेव्हा अमेरिकेचे दार सर्वांना खुले होते’ हेही खरे नाही. १८८२ पासून चिनी मजुरांना बंदी होती आणि १९०२ मध्ये ती मुदतीविना कायम झाली.

भारतीयांसंबंधी वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांतील ‘हिंदू’ म्हणजे कोणताही भारतीय. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅममधून गोऱ्या जमावाने हुसकावून लावलेले ‘हिंदू’ गिरणी कामगार बहुतांश पंजाबी शीख होते. नागरिकत्वाबाबतही, भारतीयांना नागरिकत्व नाकारणाऱ्या १९२३ च्या थिंद निकालावरून मागचा सगळा काळ मोजू नये. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये अपील न्यायालयाने कायम केले होते.

विवेकानंदांचे ११ सप्टेंबर १८९३ चे भाषण शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या मैदानात झाले, असे समजले जाते. सर्वधर्म परिषद प्रदर्शनाशी जोडलेली होती, पण ती भरली शहराच्या मध्यभागी, आज जेथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत.

राईट बंधूंचा विषय निघाला की मराठी मजकुरात शिवकर बापूजी तळपदे यांचे १८९५ चे चौपाटीवरील उड्डाण येतेच. राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या चार उड्डाणांची छायाचित्रे, नोंदी आणि साक्षीदार आहेत, तर तळपदे यांच्या उड्डाणाला असा समकालीन आधार पुढे आलेला नाही. त्या विमानाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील आराखडे उडू शकणारे नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. दोन्ही दावे एकाच तराजूत ठेवून ‘वाद आहे’ असे लिहिणे म्हणजे तटस्थता नव्हे.

शेवटी आकड्यांविषयी. दहा लाखांचा मिलियन आणि शंभर कोटींचा बिलियन मराठीत आणताना शून्ये हमखास गळतात. फिलिपिन्सची किंमत २० लाख नव्हे, २ कोटी डॉलर. पनामाला दिलेली रक्कम १ कोटी. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या यू. एस. स्टीलचे भांडवल सुमारे १४० कोटी. मृतांच्या आकड्यांबाबत अधिकृत नोंद आणि नंतरचा अंदाज वेगळे ठेवावेत. १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात त्या वेळी काही शेच बळी नोंदले गेले, आता तो आकडा तीन हजारांच्या आसपास मानला जातो, आणि शहराची खरी राखरांगोळी भूकंपापेक्षा नंतरच्या आगीने केली. तरीही अमेरिकेतील सर्वाधिक बळी घेणारी नैसर्गिक आपत्ती तो नव्हे. ती म्हणजे ८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टनवर आदळलेले चक्रीवादळ, ज्यात किमान सहा हजार माणसे गेली.