कनॅब क्रीकच्या दऱ्यांत हरणाची शिकार: आखणी कशी करावी

ॲरिझोनातल्या माझ्या पहिल्याच हंगामात मी कनॅब क्रीकच्या कड्यावर बसलो होतो. दरीपलीकडच्या पदरावर, म्हणजे दोन कड्यांमधल्या सपाटीवर, एक मोठा नर कोवळ्या उन्हात उभा होता. मी रायफल खांद्याला लावली, तेवढ्यात शेजारी बसलेले काका हळूच म्हणाले, "पाडशील रे, पण आणशील कुठून?" मी खाली पाहिलं. मध्ये दोन कडे होते आणि उतरायला एकही नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद वाट, दिसत नव्हती. रायफल खाली ठेवली. तेव्हापासून मी आखणी उलट्या टोकाने करतो. मांस गाडीपर्यंत कसं येणार हे आधी ठरवायचं, हरीण कुठे सापडेल हे नंतर.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. त्यातही एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी हे वाचा: अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हातात असेल तर अपवाद मिळतो. म्हणून आधी परवाना, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही.

टॅग

नुसता परवाना पुरत नाही, हरणासाठी टॅग लागतो, म्हणजे एक हरीण मारायची वेगळी परवानगी-चिठ्ठी. रायफलच्या शिकारीसाठी ती सोडतीत मिळते. शरद ऋतूतल्या शिकारीचे अर्ज साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात. टॅग लागला नाही तर एक बोनस पॉइंट जमा होतो, पुढच्या सोडतीत त्याने शक्यता वाढते. राज्याच्या वन्यजीव खात्याचा हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण केला तर एक कायमचा पॉइंट मिळतो. तो जरूर करा, पॉइंटसाठी नाही तरी बंदूक हाताळायला शिकण्यासाठी. कनॅब क्रीकच्या पूर्वेला असलेल्या कायबॅब पठाराच्या पश्चिमेकडचा, नोव्हेंबरातला उशिराचा टॅग मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्याचं कारण साधं आहे: थंडी पडली की म्यूल डिअर (इथली मोठ्या कानांची हरणं) पठारावरून पश्चिमेच्या उतारांकडे सरकतात आणि त्याच सुमारास नर माजावर येऊन उघड्यावर फिरतात.

नकाशा

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ही जमीन लवकर कळते. वरचा कडा, मग रुंद पदर, मग पुन्हा कडा, तळाला ओढा. इथल्या पदराला एस्प्लनेड म्हणतात. मैलोन् मैल पसरलेला तांबूस वालुकाश्म, मध्ये झुडपं, जागोजागी घळी. नकाशावर आधी पदरावर उतरणाऱ्या नाळा आणि सोंडा शोधा, आणि हंगामाआधी एकदा स्वतः उतरून पाहा. उपग्रहाच्या चित्रात सरळ दिसणाऱ्या नाळेत मध्येच चार पुरुष उंचीचा टप्पा निघतो. दक्षिणेला ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे शिकारीला सक्त मनाई. त्याची हद्द फोनमध्ये ऑफलाइन नकाशावर उतरवून घ्या. तिथे रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

मांसाचा हिशेब

इथे घाई करू नका, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. पूर्ण वाढलेल्या नराचं हाडं काढलेलं मांस साधारण तीस-पस्तीस किलो भरतं. एकटा माणूस चढावर पंधरा-अठरा किलो नीट वाहतो, म्हणजे दोन खेपा. उतरायला दीड तास आणि ओझ्यासह चढायला तीन तास लागत असतील, तर पहिली चढाई तीन, पुन्हा उतरणं दीड, दुसरी चढाई तीन. शिवाय सोलायला-कापायला दोन तास धरा. झाले साडेनऊ तास, नोव्हेंबरातला अख्खा दिवस. कनॅब क्रीक १९८४ पासून वाइल्डरनेस, म्हणजे यंत्र-वाहनांना बंद असलेलं रान, म्हणून राखीव आहे, त्यामुळे त्या हद्दीत मोटार सोडाच, चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. पाठ किंवा खेचर. म्हणून माझा नियम असा: एकटा असेन तर गाडीपासून दीड-दोन तासांच्या पलीकडे गोळी झाडायची नाही.

याच हिशेबात पाणी येतं. दिवसाला माणशी चार लिटर म्हणजे चार किलो. पदरावरच्या खडकांतल्या कुंडांत पाऊस झाला असेल तरच पाणी असतं. हंगामाआधी जाल तेव्हा कड्याखाली सावलीत दोन-तीन कॅन ठेवून या, आणि उरलेले परत आणा.

शिकारीचा दिवस

फटफटायच्या आधी कड्यावर बसा आणि तिकाटण्यावर लावलेल्या दुर्बिणीने समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने चाळा. अख्खं हरीण शोधू नका. झुडपात आडवी रेघ दिसली तर ती पाठ असते, कारण झुडपात बाकी सगळं उभं किंवा तिरकं. कानाची फडफड त्याहून लवकर नजरेत येते. सकाळी गार हवा दरीत खाली वाहते, ऊन चढलं की वर. तेव्हा पहाटे खालून गाठा आणि ऊन तापल्यावर वरून, नाहीतर तुमचा वास तुमच्याआधी पोहोचेल.

गोळी झाडण्यापूर्वी विचारा: हरीण पडेल तिथेच राहील, की कड्यावरून गडगडेल? शंका आली तर थांबा. गोळ्या तांब्याच्या वापरा. जवळच्या व्हर्मिलियन क्लिफ्सवर १९९६ पासून कॅलिफोर्निया काँडॉर सोडले आहेत, आणि शिकारी मागे टाकतात त्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन ही गिधाडं मरतात. राज्यात शिशावर बंदी नाही, विनंती आहे. ती पाळणं मला आपलं कर्तव्य वाटतं. सराव मात्र त्याच गोळ्यांनी करा, शिशापेक्षा वेगळ्या लागू शकतात.

पडल्यावर

आधी टॅग लावा. मग लगेच कातडं काढा, कारण मांस नासतं ते आतल्या उष्णतेने, आणि सगळ्यात आधी मागच्या फऱ्यात, हाडाजवळ. पोट न फाडताही पाठीकडून सोलून चारही फरे, पाठीच्या पट्ट्या आणि मान काढता येते. मलमलीच्या पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगा आणि मगच पहिली खेप उचला. मांस टाकून येणं हा गुन्हा आहे.

घरच्यांना गाडी कुठे लावणार आणि कुठल्या नाळेने उतरणार हे लिहून द्या, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवा. आभाळ भरून आलं तर तळाच्या ओढ्यात थांबू नका. पाऊस युटामध्ये पडतो आणि लोंढा इथे येतो. पावसानंतर कच्च्या रस्त्यांवरची माती लोण्यासारखी होते, तेव्हा दोन दिवस जास्तीचं जेवण गाडीत असू द्या, आणि दोन जादा टायर.

फिनिक्सपर्यंत परतीचा पाच-सहा तासांचा रस्ता आहे. मांस बर्फाच्या पेटीत वर रचा, बर्फ खाली, आणि पेटीचं बूच उघडं ठेवा. वितळलेल्या पाण्यात मांस भिजलं तर दिवसभराची मेहनत वाया जाते.