रिड्यूसरचा कोन काढताना पूर्ण लांबी धरू नका

कोराडी, खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रांच्या स्टीम लाइनवर नागपुरात बसून स्ट्रेस अ‍ॅनालिसिस (पाइपमधल्या ताणांची गणना) करताय आणि रिड्यूसरचा, म्हणजे मोठा पाइप लहान पाइपला जोडणाऱ्या निमुळत्या तुकड्याचा, एसआयएफ (ताण किती पटीने वाढतो ते सांगणारा गुणक) 1.0 दिसतोय? आधी त्याच्या उताराचा कोन तपासा.

बी31.1 (वीज केंद्रांतल्या पाइपिंगचा एएसएमई कोड) च्या परिशिष्टातलं एसआयएफचं सूत्र असं: 0.5 + 0.01 × कोन (अंशांत) × √(लहान टोकाचा व्यास ÷ जाडी). उत्तर 1 ते 2 मध्येच ठेवायचं.

कोन ड्रॉइंगवरून घ्या. ड्रॉइंग हाताशी नसेल तर व्यासांतल्या फरकाच्या निम्म्याला लांबीच्या 60 टक्क्यांनी भागा आणि आर्कटॅन काढा. रिड्यूसरची दोन्ही टोकं जवळपास सरळ असतात, उतार मधल्या भागातच असतो.

8×6 इंची, स्टँडर्ड जाडीचा, 152 मिमी लांबीचा रिड्यूसर घ्या. पूर्ण लांबी धरली तर कोन 9.5 अंश, एसआयएफ 1.0. 60 टक्के धरली तर 15.6 अंश, म्हणजे एसआयएफ सुमारे 1.26. तिथला वाकण्याचा ताण थेट पाव पटीने वाढला!

जपा एवढंच: हे सूत्र कॉन्सेंट्रिक (दोन्ही टोकांचा मध्य एकाच रेषेत असलेल्या) रिड्यूसरचं आहे. प्रकल्पाला बी31जे (एसआयएफ काढण्याचं एएसएमईचं वेगळं मानक) लागू असेल तर त्यातलंच वापरा.